पुरुषोत्तमच्या यादीतले दोनशे सिनेमे

मी, गोपाळकृष्ण वामन खांबेटे, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा पूर्वी चष्म्यांचा, हल्ली काही नाही, राहणार नारायण पेठ, पुणे ३०, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. ॲडव्होकेट विक्रम बराटे यांनी ते माझ्यासमोर टाइप केले व दोनदा वाचून दाखवले. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर शेफाली गोवंडे यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचलो आणि पुढे काय करू असे विचारले, तेव्हा त्यांनी सही केली.

कलम १. सन २०११ चे माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी सगळे तनुजाला दिले होते, पण कारण लिहिले नव्हते. या वेळी कारण लिहायचे आहे, म्हणून कागद वाढला.

कलम २. माझे लग्न झालेले नाही. घरात माझ्याखेरीज एकच व्यक्ती राहते, माझ्या थोरल्या भावाची पत्नी सौभाग्यवती सरोजिनी पुरुषोत्तम खांबेटे, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या नावामागे 'श्रीमती' लिहायचे की 'सौभाग्यवती', यावर वकील आणि मी अर्धा तास घालवला. शेवटी मी सांगितले तेच लिहिले आहे. त्यांची मुलगी तनुजा कोथरूडला राहते. ती चार वर्षांची असल्यापासून मी तिला वाढवले. गेल्या वर्षीपर्यंत ती मला 'बाबा' म्हणत होती. आता 'काका' म्हणते. नात्याने तेच बरोबर आहे.

कलम ३. राहता फ्लॅट. आमची जुनी इमारत पाडून नवी बांधली तेव्हा वडिलांच्या भाडेकरूपणाच्या हक्कात हा फ्लॅट मिळाला. हक्क दोन मुलांचा होता. त्यातला थोरला, पुरुषोत्तम, आमचा दादा, १९८४ साली घरातून गेला होता. सरकारी छापखान्यात नोकरी आणि डोक्यात कायम सिनेमा. रविवारी सकाळी वीस-पंचवीस माणसे जमवून परदेशी सिनेमे दाखवायचा. एका सोमवारी तो पुणे स्टेशनवर रिळांचे डबे सोडवून घ्यायला निघाला. निघताना आमचे भांडण झाले. मी म्हणालो, "या घरात तू तिकीट काढून बसला आहेस. संसार बाकीच्यांनी करायचा आणि तू बघायचा."  त्याने चपला घातल्या आणि गेला. डबे स्टेशनवर तसेच राहिले.

१९९६ च्या जानेवारीत मी दिवाणी न्यायालयात शपथेवर सांगितले की सात वर्षांहून अधिक काळ भावाची काहीही खबर नाही. कोर्टाने त्याला मृत मानले. वहिनींनी विश्वासाने आपला हक्क सोडून दिला आणि फ्लॅट एकट्या माझ्या नावावर झाला. कोर्टातून घरी आल्यावर त्यांनी मोरीत जाऊन कुंकू धुतले. नळाचा आवाज मी बाहेर उभा राहून ऐकला.

ते शपथपत्र खोटे होते. १९८९ च्या ऑगस्टमध्ये दादाचे आंतर्देशीय पत्र माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आले होते. मिरजेहून, स्टेशन रस्त्यावरच्या एका लॉजमधून. मजकूर असा: "गोपाळ, सरोजला विचार. ये म्हणाली तर येतो. उत्तर आले नाही तर समजेन, पुन्हा लिहिणार नाही." मी विचारले नाही. उत्तरही दिले नाही. त्याच आठवड्यात तनुजाने शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे पेन्सिलीने माझे नाव लिहिले होते. मी तिला ते खोडायला सांगितले, पण घाईने सांगितले नाही. यापलीकडे माझ्याजवळ कारण नाही. मिरज काही परदेशात नव्हते, एसटीने सहा तासांवर होते.

फ्लॅटची निम्मी मालकी मी माझा भाऊ पुरुषोत्तम यास देतो व निम्मी वहिनींस. त्यांच्या पश्चात सर्व तनुजाला. कोर्टाने मृत ठरवलेल्या माणसाला मिळकत देता येत नाही, असे बराटे वकिलांचे म्हणणे आहे. त्यांचा आक्षेप नोंदवला आहे. मी माझे म्हणणे बदललेले नाही.

कलम ४. यादी. दादाने एका दोनशे पानी वहीत, दर पानाला एक, असे दोनशे सिनेमे लिहून ठेवले होते. जगातले नावाजलेले. वहीवर 'बघायचेच' असे लिहिले आहे. मी त्या वहीची चाळीस वर्षे टिंगल केली. जानेवारी २०२३ मध्ये माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजू लागल्याचे निदान झाले. या दुखण्यात मधले दिसेनासे होते, कडेचे दिसत राहते. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टर शेफाली म्हणाल्या, दोन वर्षे धरून चाला. त्या दिवशी मी ठरवले की डोळे आहेत तोवर वहीतले सगळे सिनेमे पाहायचे. आठवड्याला एक-दोन, दुपारचे जेवण झाले की. तनुजाने मोठा टीव्ही बसवून दिला.

चाळिसाव्या सिनेमापर्यंत खालची इंग्रजी अक्षरे मला वाचता येईनाशी झाली. मग वहिनी शेजारी बसून वाचू लागल्या, पुढे चित्रही सांगू लागल्या. कडेची झाडे, दारे, जिने माझे. मधली माणसे त्यांची. असा आम्ही दोघे मिळून एक सिनेमा पाहत असू. माझ्या आयुष्यातल्या त्या सर्वांत चांगल्या दुपारी होत्या, हे इथे नोंदवून ठेवतो.

त्रेसष्टावा सिनेमा बर्फाळ गावातला होता. उजव्या कडेला एक माणूस पाठमोरा उभा होता. एक हात पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताचे कोपर धरलेले. चौसष्टावा वाळवंटातला. तिथेही तो होता, तसाच. मी विचारले, "वहिनी, उजवीकडे कोण उभे आहे?"

"कोणी नाही. खांब आहे."

पुढे प्रत्येक सिनेमात तो दिसला. गाव कुठलेही असो, भाषा कुठलीही असो, दर वेळी कडेपासून थोडा आत. कोपर धरून असे उभे राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे.

मी डॉक्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, "काका, डोळ्याला दिसत नाही तिथे मेंदू स्वतःची चित्रे भरतो. पुष्कळांना होतं. याला वेड म्हणत नाहीत." मी सत्तेचाळीस वर्षे लोकांचे डोळे तपासले आहेत. मेंदू चित्र भरतो ते आंधळ्या जागेत. हा तर मला जिथे स्वच्छ दिसते तिथे उभा होता. एकशे अठराव्या सिनेमात तो चालत मधल्या भागात गेला आणि मला दिसेनासा झाला. मला हायसे वाटले.

एकशे विसावा लढाईचा होता. विमानांचा कर्कश आवाज, माणसांचे ओरडणे.  वहिनी हळू आवाजात सांगू लागल्या, "ते टेबलाशी बसलेत. लिहितायत."

"वहिनी, लढाई चालली आहे ना?"

"हो."

"मग लिहितंय कोण?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "तुम्हाला कधीपासून दिसतायत, भावजी?"

"त्रेसष्टपासून. आता दिसत नाही. तुम्हाला?"

"एकशे अठरापासून. अगदी मध्ये." मग पडद्याकडे वळून म्हणाल्या, "पोस्टकार्ड नाही ते. निळं आंतर्देशीय आहे."

त्या पत्राबद्दल मी जगात कोणालाही सांगितले नव्हते. मी उठलो, भिंगांच्या पेटीच्या तळातल्या मखमलीखाली हात घातला आणि ते काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी वाचले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त खांदा दिसत होता. तो हलला नाही. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे उत्तर पाठवायचं राहिलं म्हणायचं."

एवढेच. त्या मला काही बोलल्या असत्या तर हे कलम मी लिहिले नसते.

कलम ५. पुढे जे झाले ते जसे झाले तसे सांगतो. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी उत्तर लिहिले आणि पत्रावरच्या जुन्या पत्त्यावर पोचपावतीसह रजिस्टर केले. काय लिहिले ते मला सांगितले नाही. नवव्या दिवशी पोचपावती सही होऊन परत आली. मी ती डोळ्याच्या कडेला धरून पाहिली. सहीतला शेवटचा 'टे' तेवढा दिसला. त्याची मात्रा मागे ओढत नावाच्या सुरुवातीपर्यंत नेलेली होती. दादा तशी नेत असे.

वहिनी स्वारगेटहून एसटीने एकट्या मिरजेला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आल्या. मी विचारले, "भेट झाली?"

"झाली."

"कसा आहे?"

"दमलेत," त्या म्हणाल्या आणि भाताला आधण ठेवायला गेल्या.

सगळे कळल्यावर तनुजा स्वतः गाडी घेऊन तिकडे जाऊन आली. लॉज पाडून अठरा वर्षे झाली आहेत. तिथे औषधाचे दुकान आहे. दुकानदाराने सांगितले की इथे रजिस्टर कोणाचे आले नाही, कोणी बाईही आली नाही. परत आल्यावर ती माझ्यासमोर बसली. "काका, एक विचारू? ते पत्र तेव्हाच दिलं असतं तर आज हे झालं असतं का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "आई कुंकू लावायला लागलीय. तुम्हाला दिसत नसेल." मला दिसत नव्हते.

तनुजा, मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. तुझ्या शाळेचा तो फॉर्म माझ्या कपाटात आहे. तो मात्र तुला देत नाही. तो माझ्याबरोबर जाळावा.

कलम ६. बँकेतली शिल्लक व ठेवी वहिनींच्या नावे. आकडे पासबुकात आहेत.

कलम ७. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या श्रीमती श्यामला टिपणीस यांनी गेली तीस वर्षे 'दीर आणि भावजय एका घरात राहतात, बाई' हा विषय भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वांना पुरवला. त्यांना मी माझी जर्मन बनावटीची दुर्बीण देतो. या वयात त्यांनी गॅलरीतून डोळे ताणू नयेत.

कलम ८. माझी धंद्याची हत्यारे, म्हणजे पकडी, कानशी, काच घासायचे चाक आणि नंबर काढायची भिंगांची पेटी, ही पोपट ढमढेरे यास. त्याने माझ्या हाताखाली अठ्ठावीस वर्षे काढली आणि आता दुकान तोच चालवतो. अट एकच. गिऱ्हाइकाला दिसू लागले की लगेच बिल पुढे करू नये, त्याला दोन मिनिटे रस्त्याकडे बघू द्यावे.

कलम ९. टीव्ही, कोच व दादाची वही वहिनींकडे राहील. आजवर एकशे एकतीस सिनेमे झाले. अजूनही आठवड्याला एक-दोनदा जेवण झाले की वहिनी टीव्ही लावतात आणि शेजारी बसून सांगतात. जे सांगतात ते सिनेमातले असते की दादाबद्दलचे, हे मी आता विचारत नाही. आवाज जुळत नाहीत. परवा सिनेमात लग्नाची वरात वाजत होती आणि त्या म्हणाल्या, "अजून उभेच आहेत. आपण बसा म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत." मी म्हणालो, "बस, दादा." त्यानंतर कोचाची मधली जागा जराशी दबली. मी हात पुढे करून पाहिले नाही.

माझ्या डोळ्यांनी यादी पुरी होणार नाही. उरलेले सिनेमे वहिनींनी पाहावेत आणि पाहताना मोठ्याने सांगावेत, मी असलो किंवा नसलो तरी.

कलम १०. एका चष्म्याविषयी. मिरजेहून आल्यावर आठवड्याने वहिनी माझ्याकडे आल्या. "भावजी, यांचा नंबर तुमच्याकडे असेल ना?"

दुकानाच्या जुन्या रजिस्टरमध्ये होता. १९८३ चा. मी म्हणालो, "वहिनी, चाळिशीनंतर नंबर बदलतो. बेचाळीस वर्षे झाली. पुन्हा तपासावा लागेल."

"यांचा बदललेला नाही."

मी पोपटकडून त्याच नंबरच्या काचा काळ्या जाड फ्रेममध्ये बसवून आणल्या. कोणासाठी, असे पोपटने विचारले. घरच्यांसाठी, असे मी सांगितले. चष्मा कोऱ्या डबीत घालून वहिनींना दिला.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी तो परत आणून माझ्या हातात ठेवला. "उजवीकडे सैल होतोय म्हणतात. जरा घट्ट करून द्याल?"

माझ्या डोळ्यांना आता फार कळत नाही. बोटांना मात्र कळते. फ्रेम कोरी नव्हती. नाकावर टेकते ती जागा तेलकट झाली होती. उजवी दांडी बाहेर वाकली होती, एका हाताने चष्मा ओढून काढायची सवय असलेल्या माणसाची वाकते तशी. आणि कानामागे बसणारी दोन्ही टोके गरम होती. उन्हात ठेवलेल्या वस्तूची ऊब सगळीकडे सारखी असते. ही तशी नव्हती.

वहिनी अनवाणी, हात मोकळे, माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांना चष्मा नाही, मोतिबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून लागत नाही. घरात तिसरे कोणी नव्हते. मी पक्कड घेतली, दांडी आत वळवली आणि नेहमीच्या सवयीने विचारले, "आता बघायला सांगा, कसा बसतो."

त्या चष्मा घेऊन आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने तिथून म्हणाल्या, "बसला."

हा चष्मा माझ्या मिळकतीत धरू नये. तो वापरात आहे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र वाचून घेतले, समजले, मान्य आहे. सही मी स्वतः केली. ती ओळीवर आली नसल्यास दोष डोळ्यांचा आहे, इच्छेचा नाही.

(सही) गोपाळकृष्ण वामन खांबेटे

आमच्यासमक्ष सही झाली व आम्ही एकमेकांसमक्ष सह्या केल्या:

१. (सही) डॉ. शेफाली गोवंडे, नेत्रतज्ज्ञ, पुणे

२. (सही) आमोद रानडे, सचिव, गृहरचना संस्था, नारायण पेठ, पुणे

स्थळ: पुणे

दिनांक: १२ मार्च २०२५, बुधवार