कानाचं मशीन

बुधवार, संध्याकाळ. अकोला.

आज एक मुलगा वडिलांना कानाचं मशीन बसवायला माझ्याकडे घेऊन आला. मी आजोबांना काहीही विचारलं की उत्तर तोच द्यायचा. शेवटी खुर्ची ओढून मी आजोबांच्या कानाशी गेले. "बाबा, तुमाले पायजे का मशीन?"

"घेऊन काय करू, बाई? घरी माह्यासंग बोलते कोन?"

मुलाचा चेहरा एकदम पडला. त्याच्यासमोर विचारायला नको होतं का? पण कान तर आजोबांचे. मी मशीनचं नाव काढलं नाही. मग मुलगाच वडिलांपाशी वाकला. "बाबा, चाला, चहा घेऊ."

त्याचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. खिडकीतून पाहिलं, समोरच्या टपरीवर तो मोठ्यानं बोलून राहिला होता आणि आजोबा हसत होते.