पिसाची साक्ष

संत याकोबाच्या सणानंतरचा गुरुवार, १५३०

प्रिय ताई,

देवाची कृपा तुझ्यावर आणि पेटरमान दाजींवर असो. आम्ही बरे आहोत. तारीख संतांच्या नावाने लिहू नये असं नव्या पंथाचे आमचे उपदेशक सांगतात, पण नुसता आकडा लिहिला तर तुला दिवस कळायचा नाही, म्हणून जुन्याच रीतीने लिहिली. चूक असेल तर माझी.

आईचे गुडघे दुखतात. शुक्रवारी ती अजून जुन्या रीतीने मांस खात नाही, पण शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तव्यावर चरबी तापवून खिडकी उघडी ठेवते. मी विचारलं, "आई, तू नक्की कोणाला फसवतेस? शेजाऱ्यांना की देवाला?" तर म्हणाली, "मला दोघांशीही भांडायचं नाही. तू गप जेव."

मी सध्या गवंड्यांच्या हाताखाली आहे. दगड सोडवायचे, त्यांचा जुना चुना खरवडायचा आणि नदीकाठी नेऊन रचायचे. मार्टी नावाचा मुकादम आहे, तोंडाचा फटकळ पण हात उगारत नाही. मी प्रत्येक दगड पुसून ठेवतो म्हणून तो सगळ्यांना ओरडून सांगतो, "बघा रे, बेन्डिख्ट दगडांना अंघोळ घालून सासरी पाठवतोय!" उन्हं कडक आहेत. पाणी भरपूर प्यायला मिळतं.

काम टेकडीवरचं आहे. म्हणजे मरियामातेच्या चर्चचं. तुझ्या कानावर आलंच असेल. दोन वर्षांपूर्वी मूर्ती जाळली तेव्हा संपलं असं वाटलं होतं, पण लोक अजूनही चोरून तिथे मेलेली बाळं घेऊन येतात, म्हणून आता भिंतही ठेवायची नाही असा बर्नच्या नगरसभेचा हुकूम आहे. मी नसतो गेलो तर दुसरं कोणी गेलं असतं. हे मी स्वतःला रोज सांगतो आणि रोज ते अर्धंच पटतं.

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. तू लिहितेस की टेकडीची जमीन नांगराखाली जाणार असं तुला कळलं आहे, तेव्हा पोटातच गेलेल्या तुझ्या बार्बराला तिथे पुरलेलं ठेवायचं नाही. संत लॉरेन्सच्या दिवशी दाजी होडी घेऊन येतील, लहान पेटी करून घेतली आहे, मी तिला काढून ठेवावं. आणि तुमच्याकडे जुनाच धर्म आहे, तुमचे पाद्री म्हणतात, त्यांच्या आवारात बाप्तिस्मा झालेलं मूलच पुरता येईल. मेलेल्या मुलाला बाप्तिस्मा होत नाही. तेव्हा ती टेकडीवर क्षणभर जिवंत झाली होती, ओठांवर ठेवलेलं पीस हललं होतं, अशी शपथ बघणाऱ्याने त्यांच्यासमोर घ्यावी.

जवळून बघणारे आम्ही दोघेच होतो. ग्रेडाबाई, जी तिथे बाळांना शेकायची, ती मागच्या थंडीत गेली. राहिलो मी.

ते मी बघतो. तू काळजी करू नकोस. या दिवसांत तू काळजी करणं बरं नाही. आई म्हणते, जड काही उचलू नकोस आणि जिन्यावरून एकटी उतरू नकोस. पेटी फार मोठी करून घेतली नाही ना?

तुझा भाऊ,
बेन्डिख्ट


लॉरेन्सच्या सणाआधीचा रविवार

प्रिय ताई,

उद्या पहाटे धान्याची होडी तुमच्याकडे सोलोथुर्नला निघते, तिच्यातून हे पाठवतो. दाजी बुधवारी निघायच्या आत तुला मिळावं.

त्यांना पाठवू नकोस, असं लिहायला बसलो होतो. आता तेही नक्की लिहवत नाही. जे झालं ते सांगतो, मग तूच ठरव.

गुरुवारी आम्ही उत्तरेची भिंत पाडली. भिंतीचा पाया उकरताना मार्टीची कुदळ थांबली. तो खाली वाकला आणि मग त्याने टोपी काढली, ज्या माणसाने मूर्ती जाळताना टोपी काढली नव्हती त्याने. ताई, आपल्याला वाटत होतं की बार्बराला त्या भिंतीशी एक जागा आहे. तशा जागाच नाहीत. ती सगळी बाळं एकमेकांना लागून आहेत, खांद्याला खांदा, एका थराखाली दुसरा थर. पेटी नाही, खूण नाही. काही एवढीशी, की कबुतराची हाडं म्हणून कोणी टाकून द्यावीत. मी ज्या खिडकीखाली तिला ठेवलेलं पाहिलं होतं, त्या खिडकीचे दगड मीच उतरवले होते, म्हणून जागेचा मला अंदाज होता. पण तिच्यानंतरही पुष्कळ आली असणार. तिच्या अंगावर, तिच्या कुशीला.

मी तिथेच बसलो. मार्टी म्हणाला, "कोण आहे तुझं?"

"भाची."

"माझे दोन आहेत," तो म्हणाला. "बायकोने आणले होते. मी तिला बावळट म्हणालो होतो." मग टोपी घालून सगळ्यांवर ओरडला की इथे कोणी कुदळ मारायची नाही, हाताने माती ओढायची. तरी थोडी बाळं वर आलीच होती. ती आम्ही गोणपाटावर ठेवली.

संध्याकाळी मी उपदेशक गुरुजींकडे गेलो. ते अंगणात कोबीला पाणी घालत होते. त्यांची बायको, जी आधी त्यांची स्वयंपाकीण होती, दारातूनच म्हणाली, "आला का तुमचा प्रश्नवाला! पाय पुसून ये रे." मी त्यांना शपथेचं सांगितलं.

ते म्हणाले, "कसली शपथ? शेगडीच्या धगीने पीस हलतं. कोंबडीच्या मढ्यावर ठेवलंस तरी हलेल."

मी म्हणालो, "मग बार्बराचं काय, गुरुजी?"

"काय म्हणजे? ती देवाजवळ आहे. ख्रिस्ती आईबापांचं मूल. देव काय पाण्याच्या थेंबाची वाट बघत बसतो?"

मला इतकं हलकं वाटलं की मी रडलो. फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

"गुरुजी, हे आधी का नाही सांगितलं कोणी? बायका थंडीत, ओल्या बाळंतपणात, मूल टोपलीत घेऊन डोंगर चढत होत्या."

ते झारी धरून उभे राहिले. म्हणाले, "आधी मीही तेच शिकवत होतो, बेन्डिख्ट."

आता मला सांग ताई, याच माणसाने पाच वर्षांपूर्वी आपल्याला सांगितलं होतं की अशी मुलं अंधाऱ्या काठावर राहतात, तिथे यातना नाहीत पण देवाचं तोंडही दिसत नाही. तेव्हाही आवाज एवढाच ठाम होता. त्यांचं तेव्हाचं खरं, की आताचं? मी घरी येऊन बायबल काढलं. जर्मनमध्ये आहे, अक्षर अन् अक्षर वाचता येतं मला. पण मला हवं ते पान सापडत नाही. शहरातल्या शिकलेल्यांना सापडतं, आणि दोन्ही बाजूंच्या शिकलेल्यांना वेगवेगळं सापडतं.

आईला विचारलं. ती म्हणाली, "मूल देवाजवळ आहे. कसं गेलं ते विचारणारा तू कोण?" आणि कणीक मळत राहिली.

मी असा विचार करून पाहिला. जुनं खरं असेल, आणि पीस हललं नसेल, तर माझ्या शपथेने ती स्वर्गात जाणार नाही, कारण देवाने पीस पाहिलंच आहे. नवं खरं असेल, तर शपथेची गरजच नाही. म्हणजे कसंही धरलं तरी माझ्या शपथेचा बार्बराला काही उपयोग नाही. तो फक्त तुला आहे. एवढं मला नीट कळलं. पण यावरून शपथ घ्यावी की घेऊ नये, ते कळत नाही.

आणि पीस खरंच हललं का, असं तू जे सरळ विचारलं आहेस त्याचं उत्तर मी मागच्या पत्रात दिलं नाही. त्या दिवशी मी टेकडीवरून आलो तेव्हा तुला "झालं" एवढंच म्हणालो होतो, आणि तू पुढे विचारलं नव्हतंस.

ग्रेडाबाईने तिला मेणबत्त्यांच्या मधे ठेवलं. निखारे जवळ ओढले. तिचे गाल लाल झाले, ते धगीने असेल. मग ओठांवर पीस ठेवलं आणि मागच्या परक्या बायका गुडघ्यांवर पुढे सरकल्या. ग्रेडाबाई ओरडली, "हललं!" घंटा वाजली, पाणी पडलं, नाव ठेवलं. मी पाहिलं तेव्हा पीस खाली दगडावर होतं.

मी पिसाकडे बघत नव्हतो, ताई. मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिला नखं होती. पूर्ण वाढलेली, नीट, कापायला आलेली. मला कोणी सांगितलं नव्हतं की तिला नखं असतील.

बेन्डिख्ट


संत लॉरेन्सचा दिवस, दुपार

ताई,

दाजी आले. म्हणजे माझं पत्र मिळूनही तू त्यांना पाठवलंस. त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं की तू ते त्यांना वाचून दाखवलं नाहीस. मग मीही काही बोललो नाही. हे पत्र बंद करून देतो आहे, तूच उघड.

उरलेल्या जागेवर मार्टीने माती ओढून वर पाडलेल्या भिंतीचे फुटके दगड रचायला लावले. नगरसभेला तो सांगणार आहे की उतार खचतोय, इथे नांगर धरणार नाही. ती सगळी तिथेच राहतील. वर आलेल्यांपैकी एकच बाळ असं होतं, ज्याचं सगळं एकत्र होतं. ते त्या खिडकीच्या ओळीत होतं. मी एवढंच म्हणू शकतो. मी त्याला आईच्या धुतलेल्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं. पेटी अगदी मापाची होती.

दाजींनी पेटीवर हात ठेवला. मग म्हणाले, "हीच ना?"

मी म्हणालो, "आपलीच आहे."

ते खोटं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. तिलाही कोणीतरी पाठीवर टोपलीत घेऊन ती टेकडी चढलं होतं. तिची आई कुठल्या गावची, अजून जिवंत आहे का, तिलाही कळलं असेल का नांगराचं? आणि आपली बार्बरा तिथे राहिली असेल, तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी मुलांमध्ये निजली आहे, एकटी नाही. तुला ही नको असेल तर दाजींना काही सांगू नकोस. पेटी उघडू न देता मला निरोप पाठव, मी येऊन तिला परत तिच्या जागी नेईन. हवी असेल तर तिला नावाने हाक मार.

दाजी म्हणतात, तुझे दिवस आता अगदी भरत आलेत आणि हे तरी जगेल का, असं रात्री तू मोठ्याने विचारत राहतेस. या खेपेला सगळं नीट होईल, असं मला लिहायचं आहे. तेही मला ठाऊक नाही. पण नाहीच झालं, तर कुठल्या टेकडीकडे जायचं याचा विचार करू नकोस. टेकडी आता नाही. आणि जे काही होईल ते देवाजवळच जाईल असं आपण तिघं धरून चालू, आई, तू आणि मी, मग पाद्री आणि गुरुजी आपापसांत मिटवोत.

रविवारी तुमच्याकडची मिस्साची प्रार्थना सुटल्यावर मी येतो. तुमच्या पाद्रींसमोर उभा राहीन. तिला आणलं होतं, ती पूर्ण वाढलेली होती, तिचं नाव ठेवलं, एवढ्याची शपथ मी कुठल्याही पुस्तकावर हात ठेवून घेईन. त्यावर ते थांबले तर देवाचे उपकार. पण ते पिसाचं विचारतील.

तेव्हा तोंडातून काय निघेल ते मला आज माहीत नाही. म्हणून एकच मागतो. त्यांनी ते विचारलं की तू माझ्याकडे बघू नकोस.

तुझा,
बेन्डिख्ट