माइंडवेल कॉयच्या दगडावरची शेवटची ओळ

हॅरोफील्ड, मॅसॅच्युसेट्स
१८ नोव्हेंबर १९७४

प्रिय वर्ना,

तू, लेलंड आणि मुलं बरी असाल अशी आशा आहे. मी बरी आहे. घर तापवायच्या भट्टीचा पंखा पुन्हा आवाज करतो आहे. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा त्याच्यासमोर पंखा गप्प बसला. थंडी लवकर आली आहे. तुझ्या डॅडींनी लावलेल्या मागच्या झाडाला यंदा खूप सफरचंदं आली, पण सगळी किडकी निघाली. मी थोडी शिजवून बरण्यांत भरली. बाकीची तशीच पडू दिली.

थँक्सगिव्हिंगला यायला जमणार नाही हे तुझ्या पत्रावरून कळलं. मुलांची शाळा, लेलंडचं काम, एवढा लांबचा रस्ता. मी समजू शकते.

पेटनगिल घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकाची कच्ची पानं मिळाली. सोबतची तुझी चिठ्ठीही वाचली: ‘फक्त चुका कळवा, नवं काही घालायला जागा नाही, वर्षअखेरीला छपाई.’ म्हणून मी चुकाच कळवते आहे.

तू जुन्या स्मशानातल्या पेटनगिलांच्या थडग्यांवरच्या दगडांचे फोटो मागितले होतेस, त्यासाठी मी नऊ तारखेच्या शनिवारी तिकडे गेले. तुझे डॅडी असताना आम्ही दोघं जायचो. रोलंड वाचायचा आणि मी वहीत उतरवून घ्यायची. एकटीने हे काम फार त्रासाचं आहे. दगडावर तिरपा उजेड पडावा म्हणून आरसा धरायचा, आणि त्याच वेळी कॅमेराही धरायचा. पहिले चार फोटो तर माझ्या हातमोज्याचेच आले असणार.

जेबेझचा दगड ठीक आहे. त्याचा मुलगा इफ्रेम आणि सून हॅना यांचेही ठीक आहेत. मग मी माइंडवेलच्या दगडाकडे गेले. तुला आठवत असेल, भिंतीच्या कडेला एका बाजूला झुकलेला, पंख असलेली कवटी कोरलेला. तू लहान असताना त्या कवटीला दात किती आहेत ते मोजायचीस आणि दर वेळी वेगळा आकडा सांगायचीस. त्यावर आपल्याला जेवढं माहीत होतं तेवढंच वाचता येतं: ‘मिसेस माइंडवेल कॉय, मिस्टर कॉय यांची विधवा, यांचा देह इथे पुरला आहे.’ पुढे गवत. दगड खचला आहे हे आम्हाला नेहमीच दिसत होतं. रोलंड म्हणायचा, ‘खाली फक्त तारीख असणार, आणि तारखेसाठी मी गुडघे मोडून घेणार नाही.’ त्याचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते.

फोटोत दगड अर्धवट दिसेल, मग थर्स्टन नावं ठेवील, म्हणून मी गाडीतून खुरपं आणलं. माती वरून गोठलेली होती. तासभर मी खरवडत बसले. शेजारच्या घरातली बाई कुंपणापाशी येऊन विचारून गेली, ‘अहो, तुमचं काही हरवलंय का?’ मी नाही म्हटलं. खाली दोन ओळी निघाल्या. पहिलीत मृत्यूचं साल आणि ‘वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी.’ दुसरीत, अगदी तळाशी: ‘पूर्वी मिस्टर जेबेझ पेटनगिल यांची पत्नी.’

वर्ना, हे नीट वाच. माइंडवेल इफ्रेमची सासू नव्हती. ती त्याची सावत्र आई होती.

त्याच्या मृत्युपत्रातला ‘मदर-इन-लॉ’ हा शब्द आपण सगळ्यांनी आजच्या अर्थाने वाचला. आज तो शब्द म्हणजे सासू. त्या काळी लोक सावत्र आईलाही तोच शब्द वापरत, कारण दोघीही रक्ताने नव्हे, कायद्याने आई. मी ग्रंथालयातल्या मोठ्या शब्दकोशात पाहिलं, तिथे सरळ लिहिलं आहे. वय मोजलं तरी तेच दिसतं. हॅनाच्या दगडावर तिचं वय आहे. माइंडवेल तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. शाळेत मी इतकी वर्षं गणित शिकवलं, पण अकराव्या वर्षी आई होण्याचं गणित कुणी मला घातलं नव्हतं.

आता हे सगळं जुळतं. जेबेझची पहिली बायको गेली तेव्हा इफ्रेम पोरगा होता. जेबेझने माइंडवेलशी लग्न केलं. त्या सालांच्या नोंदी गावच्या सभागृहाला लागलेल्या आगीत गेल्या, म्हणून ते लग्न कुणाला सापडलं नाही. जेबेझ वारल्यावर तिने कॉयशी लग्न केलं, तोही वारला, आणि ती इफ्रेमच्या घरी परत आली. तिला कॉय म्हणत, म्हणून आपण हॅनाला कॉय केलं. हॅना कुणाची मुलगी होती हे आपल्याला मुळीच माहीत नाही. रोलंड ज्या कॉय घराण्याच्या मागे चार परगण्यांतल्या कचेऱ्या पालथ्या घालत फिरला, आपल्या सुट्ट्या त्यात गेल्या, तुझ्या पदवीदानाच्या आदल्या दिवशीसुद्धा आपण वाटेत थांबलो आणि तू गाडीत उन्हात रडत बसलीस, त्या कॉय घराण्याशी आपला रक्ताचा काही संबंध नाही. मी त्या मातीत बसून होते आणि मला हसावं की दगडाला लाथ मारावी ते कळेना. हे त्याला सांगायची सोय राहिली नाही. कुणाला सांगणार?

मी थर्स्टनला सांगायला गेले. घराण्याच्या मंडळाचा अध्यक्ष तो, आणि रोलंडचा चुलत भाऊ. दारातच म्हणाला, ‘बूट काढ, ऑगस्टा. स्मशानातली माती दिसतेय.’

मी सगळं सांगितलं. त्याने चष्मा पुसला. म्हणाला, ‘तो शब्द तेव्हा दोन्ही अर्थांनी चालायचा, हे मला ठाऊक आहे.’

‘ठाऊक आहे? मग?’

‘मग काय. इथे सासू नीट बसते. तीस वर्षं बसली आहे. आता या वयात तिला उठवू नकोस.’

‘आई मुलीपेक्षा अकरा वर्षांनीच मोठी?’

‘तेव्हा लग्नं लवकर व्हायची.’

‘थर्स्टन.’

‘बरं, बरं. पण कॉय काढले तर आपण सगळे इंग्लंडहून आलेल्या त्या पहिल्या गलबतावरून खाली पाण्यात. आपल्या घराण्यातल्या निम्म्या बायका त्या कॉयच्या जोरावर गलबतवाल्यांच्या वंशजांच्या सोसायटीचा बिल्ला लावून मिरवतात. तो छातीवरून काढायला तू जाणार? माझ्या बायकोपासून सुरुवात कर. मी वरच्या मजल्यावर जाऊन बसतो.’

तुझ्याकडेही तो बिल्ला आहे, वर्ना, हे मला माहीत आहे. तुला तो मिळाला तेव्हा रोलंडने सबंध रस्त्याला सांगितलं होतं. म्हणून हे लिहायला मला चार दिवस लागले.

मी म्हटलं, ‘निदान माइंडवेलला जेबेझची दुसरी बायको म्हणून दाखव.’

तो म्हणाला, ‘तिला मूलबाळ झालं का?’

‘नाही.’

‘मग तिला कुठे लिहू? ही वंशावळ आहे, ऑगस्टा. जेवायला आलेल्यांची यादी नाही.’

मी उठले. बूट घातले आणि निघाले. गाडीत बसल्यावर मला निदान सात-आठ चांगली उत्तरं सुचली. नेहमी असंच होतं.

मृत्युपत्र तुला पाठ आहे. दर थँक्सगिव्हिंगला रोलंड ते वाचून दाखवायचा. पूर्वेकडची खोली तिला. घरातल्या भट्टीत भाकरी भाजायची आणि विहिरीचं पाणी घ्यायची मोकळीक. जळण फोडून तिच्या दाराशी आणून द्यावं. रविवारी प्रार्थनेला घोड्यावर मागे बसवून न्यावं. आणि लेलंड म्हणायचा, ‘सासूचे एवढे लाड करणारा जावई मी ऐकला नाही. नक्की ती म्हातारी त्याचं काहीतरी गुपित जाणत होती.’ सगळे हसायचे. मीही हसायची.

जावई नव्हता तो. ती त्याच्या बापाची विधवासुद्धा राहिली नव्हती, दुसऱ्याची झाली होती. त्याच्यावर कसलंही बंधन नव्हतं. तरी मरताना त्याने तिच्या जळणाची काळजी केली, आणि तिला जो शब्द लावला तो त्या काळी आईसाठीच होता, कायद्याने का असेना. तो शब्द आपण उलटा वाचला आणि तिला घरातून बाहेर काढलं. मला याचा राग येतो आहे. कुणावर येतो ते सांगता येत नाही. रोलंडवर तर येऊ नये, पण त्याच्यावरही येतो. खुरपं गाडीतच असायचं.

तू पानं पाठवलीस, ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. स्वल्पविरामाच्या चुका समासात दुरुस्त केल्या आहेत. लेलंडच्या आईच्या जन्मगावाचं नाव चुकलं आहे. तुझ्या धाकट्याचं मधलं नाव राहिलं आहे.

आणि रोलंडच्या पानावर लिहिलं आहे: ‘पत्नी ल्युसिल, माहेरची बार्टलेट. अपत्य एक, वर्ना.’ पुढे त्याचा मृत्यू, मार्च, हॅरोफील्ड. एवढंच.

हे बरोबर आहे. त्यात चूक काही नाही. ल्युसिल तुझी आई होती आणि मी कधी तिची जागा मागितली नाही. तिचा फोटो जिन्यावर आहे तिथेच आहे, मी दर शनिवारी पुसते. तू अकरा वर्षांची होतीस. माझ्या वर्गातल्या मुलींना तू सांगितलंस, ‘ही माझी आई नाही, ही डॅडींची बायको आहे.’ तेही बरोबरच होतं, आणि मी तुला तेव्हा काही म्हटलं नाही. पुढे तुझ्या पहिल्या बाळंतपणात तू फोनवर रोलंडला म्हणालीस, ‘तुम्ही नंतर या, आधी ऑगस्टाला पाठवा.’ मी रात्रीच्या बसने आले. त्याबद्दलही आपण कधी बोललो नाही. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे आणि तुलाही फारसं येत नाही. ते तू रोलंडकडून घेतलंस.

पानावरची ती ओळ तू लिहिलीस की थर्स्टनने, ते मी विचारत नाही. थर्स्टनने लिहिली असेल आणि तुझ्या नजरेतून सुटली असेल, असं मी धरून चालले होते. मग चिठ्ठी परत वाचली: ‘नवं काही घालायला जागा नाही.’ मी नवी नाही, वर्ना. एकोणीस वर्षं झाली.

फोटो धुऊन आले की तुला पाठवीन. माइंडवेलच्या दगडाची शेवटची ओळ स्पष्ट दिसेल, मी माती पुरी काढली आहे. थर्स्टनला मी ते फोटो देणार नाही. पुस्तकाची संपादक तू आहेस. हॅनाच्या माहेरापुढे ‘माहीत नाही’ असं छापायचं आणि बिल्ला परत करायचा, की आहे तसं राहू द्यायचं, हे तू ठरव. काही छापलंस तरी माझं घर तुला आणि मुलांना आहे तसंच उघडं राहील, त्याचा आणि याचा संबंध जोडू नकोस.

पण चुका कळवा म्हणालीस, म्हणून रोलंडच्या पानावरची चूकही कळवते. त्याच्या मृत्यूच्या आधी ही ओळ यायला हवी होती:

‘दुसरी पत्नी ऑगस्टा, माहेरची ग्रिडली. जन्म वुडबरी, कनेटिकट. शिक्षिका. विवाह हॅरोफील्ड येथे, जून १९५५. अपत्य:’

याच्यापुढे मी काही लिहिलेलं नाही. थर्स्टनला विचारलंस तर तो ‘नाही’ असं लिहायला सांगेल, आणि त्याच्या नियमाने ते खरं आहे. मला त्या जागी काय लिहायचं ते लिहिता येत नाही. मी दोनदा लिहिलं आणि खोडलं, म्हणून हा कागद दुसरा आहे.

ती जागा तू भर.

ऑगस्टा