अंगठ्याजवळची शिवण

आबा, माझ्यासमोर हातमोज्यांचे तीन जोड मांडलेत आणि साहेब म्हणालेत, यातला कुठला मागवायचा ते तू सांग. मी सांगायचं, चौथीतनं पळालेल्यानं. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मी लय लांब आलोय, आबा. हिमाचलच्या वरच्या अंगाला, जिथं सहा महिने रस्ता बर्फाखाली असतो. आपल्या कुरवंड्यावर धुकं उतरतं तेव्हा सगळं पांढरं होतं, पण धुक्यात हात घातला तर हाताला काही लागत नाही. हे लागतं. पाय टाकला की माणूस छातीपर्यंत आत जातो. इथं एका कॅम्पात बर्फ मोजायचं काम चालतं आणि वर रोवलेल्या मापाच्या काठ्यांपर्यंत जायला एक गाडी आहे, तिला बर्फावरची स्कूटर म्हणतात. चाकं नाहीतच. पुढं दोन घसरपट्ट्या, मागं रुंद रबरी पट्टा फिरतो. ती मी चालवतो. उजव्या मुठीजवळ एक खटका असतो, तो अंगठ्यानं दाबून धरायचा, अंगठा सुटला की गाडी उभी. एवढं मोठं धूड, पण चालतं एका अंगठ्यावर.

म्हणून हातमोजे. पहिला जोड चामड्याचा, पाच बोटांचा, बघायला झ्याक. तो घालून नट आवळता येतो, काडी ओढता येते. पण एकदा भिजला की वाळल्या चपलेवानी टणक होतो, बोट वाकत नाही. दुसरा इथल्या बायांनी विणलेला, लोकरीचा. ऊब चांगली, पण वारा आरपार जातो आणि बर्फाच्या गोळ्या त्याला चिकटतात, काट्याकुसळासारख्या. तिसरा बाहेरनं रबर चढवलेल्या कॅनव्हासचा, आत सैल लोकर, बाही कोपरापर्यंत आणि आवळायला नाडी. याच्यात बोटं वेगळी नसतात. चौघं एका पिशवीत, एकमेकांना बिलगून, आणि अंगठा तेवढा एकटा बाहेर. खोल बर्फात हाच बरा. मापापेक्षा एक नंबर मोठा घ्यायचा, बोटं आत हलली पाहिजेत, घट्ट मोजा म्हणजे गार हात. एवढं मी साहेबांना सांगू शकतो. पण या जोडाचं एक मर्म आहे, अंगठ्याच्या मुळाशी जिथं शिवण फिरते तिथं. खटक्यावर घासून घासून ती तिथंच उलते, आणि उललेली डोळ्याला दिसत नाही. ते कसं ओळखायचं हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण मी तुमच्या घरात वाढलो.

तुम्ही पडवीत बसलेले मला आत्ता दिसता. आय चुलीशी आहे, भाकरी थापायचा आवाज येतोय, बाहेर पाऊस पत्र्यावर नुसता कोसळतोय. ठेकेदाराच्या विजेच्या तारेच्या कामाला जायच्या आधी तुम्ही पत्र्याची पेटी उघडता, पांढऱ्या भुकटीतनं रबरी मोजे काढता. एकाचं तोंड धरून गुंडाळत आणता, आतली हवा बोटांत कोंडते आणि पाची बोटं टम्म फुगतात. आय दरवेळी म्हणते, "पिळा की आता. शेळीपरीस जास्ती दूध निघंल." तुम्ही हसत नाही. मोजा गालाला लावता, एकेक बोट फिरवता, डोळे मिटून. मी विचारलं होतं, कानाला का नाही लावत? तुम्ही म्हणालात, "कानाला पाऊस ऐकू येतो रं. गालाला फक्त हवाच लागती." मग दुसरा मोजा. एक दिवस चुकला नाही. ताप असला तरी नाही, मुकादम दारात येऊन ओरडत असला तरी नाही. तार चालू असते आणि सुईएवढं भोक पुरतं, हे तुम्ही आयसमोर कधी बोलला नाहीत. मला एकदा ओढ्यावर सांगितलंत.

त्याच ओढ्यावर मी तो मोजा नेला. तुम्ही लोणावळ्याला बाजाराला गेला होता. आधल्या दिवशी बांधाच्या बिळात हात घातला तर खेकड्यानं बोट फोडलं होतं माझं, म्हणून डोकं चालवलं. मोठ्या शहाण्यावानी उजवा मोजा चढवला आणि कोपरापर्यंत हात आत. काय खेकडे निघाले, आबा! एक तर पंजाएवढा, त्यानं अंगठाच धरला, सोडीना, मी त्याला मोज्यासकट ओढून बाहेर काढला. दुखलं नाही म्हणून किती खूश झालो. मोजा धुतला, पुसला, भुकटी लावून पेटीत ठेवला. संध्याकाळी आयनं नांग्या ठेचून कालवण केलं. तुम्ही दोनदा मागून घेतलंत, म्हणालात, "कुटनं आनलं रं एवढं? वाघच हायेस."

सकाळी तुम्ही मोजा गालाला लावला आणि अंगठ्यापाशी थांबलात. पुन्हा फुगवला, पुन्हा लावला. मग बादलीत बुडवलात, बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. तुम्ही मोज्याच्या आत नाक घातलंत आणि माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. तुम्ही म्हणालात, "चल. पेटी तू घे."

कामावर मुकादमानं विचारलं, कसा फाटला? मी पेटी धरून तिथंच उभा. तुम्ही म्हणालात, "माज्या हातनं. तारंला घासला." तो सगळ्यांदेखत बोलला, "बारा वर्सं चढतुयास आन् मोजा तारंला घासतुस? नवशिक्याची अक्कल हाय का तुला? उतर खाली. आजपास्नं खड्डं खण." तुम्ही "खणतो" म्हणालात आणि पहार उचललीत. त्यानंतर तुम्ही खांबावर चढला नाहीत. खांब उभे करायचे खड्डे खणलेत, पावसात, मुरमात, आणि कालची पोरं तुमच्या डोक्यावर चढायची. परतताना मी तुमच्या मागं चालत होतो, मार खायला तयार. बरंच चालल्यावर तुम्ही म्हणालात, "कालवण झ्याक झालं व्हतं." आणि आणखी पुढं गेल्यावर, मागं न बघता, "सकाळी गालाला लावला म्हनून आता तुज्यासंगं चालतुया. तेवढं ध्येनात ठेव. बाकी इसर."

मी उलटंच केलं. बाकी सगळं ध्यानात ठेवलं. तुम्हाला खड्ड्यात वाकलेलं बघवेना म्हणून शाळेत जायचा रस्ताच सोडला, मग घर सोडलं. चिक्कीच्या दुकानात टिकलो नाही, खंडाळ्याच्या घाटात ट्रकवर क्लीनर झालो, तिथनं पंजाबच्या ट्रकवर. निघताना तुम्ही दिलेला तो डावा, न फाटलेला मोजा कुठल्या ढाब्यावर राहिला ते आता आठवतही नाही. तुम्ही गेल्याचं पत्र तीन ठिकाणं फिरून मला गाठायला आलं, तोवर तेरावाही होऊन गेला होता. एका जागी मी कधी वर्ष काढलं नाही. इथं मात्र तिसरा हिवाळा आहे, आणि त्याला कारण एक माणूस.

तो इथलाच, चाळिशीचा, दोन पोरींचा बाप. बर्फात कसं चालायचं, कुठली उतरण फसवी, भुसभुशीत बर्फात गाडीचं वजन मागं कसं टाकायचं, हे त्यानं शिकवलं. मला "ऐ दक्खनी" म्हणतो. मी मोजे फुगवून गालाला लावायला लागलो की त्याच्या चेष्टेला ऊत येतो. "दक्खनी, सकाळ सकाळ कुणाचे मुके घेतोस? लग्न कर, लग्न." पण पुढं पुढं स्वतःचा जोडही माझ्याकडंच टाकायला लागला. "तू बघ. तुझ्या गालावर माझा भरवसा." चेष्टेत म्हणायचा, पण मोजा मी दिल्याशिवाय घालायचा नाही.

महिन्यापूर्वीची गोष्ट. रात्रभर बर्फ पडून सकाळ लख्ख उजाडली होती. वरच्या काठीवरचं माप आणायचं होतं. मोजे सगळे ओले, दोरीवर, दोनच जोड कोरडे. एक मी घातला, एक त्याला दिला. त्या वेळी काय झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाही एकदम सांगायला होत नाही. मी गाडी चालवत होतो, तो मागं बसला होता, हात काखेत घालून गाणं म्हणत. वरच्या पठाराच्या अलीकडं ताजा बर्फ होता, गाडीनं नाक खुपसलं आणि कलंडली. माझा पाय घसरपट्टीखाली आला. त्यानं एकट्यानं खणलं, आधी मला, मग गाडीला. पाय टेकत नव्हता माझा, म्हणून परतताना तो पुढं बसला, उजवा अंगठा खटक्यावर, वारा तोंडावर. दोन तास. मी मागनं त्याच्या कमरेला धरून बसलो होतो. मध्ये एकदा तो म्हणाला, "अंगठा झोपला बघ." मी म्हणालो, "चल, आता जवळ आलं."

कॅम्पात मोजा काढला तर अंगठा मेणासारखा पांढरा. आतली लोकर त्या एका बाजूला गोठून काच झालेली. त्यानं अंगठा शेगडीवर धरायला नेला, कंपाउंडरनं हात धरून मागं ओढला, कोमट पाण्यात घातला. तरी काळा पडलाच. आठवड्यानं बर्फातनं पायी खाली नेऊन दवाखान्यात वरचं पेर काढलं. परवा तो तसाच चालत वर आलाय, हात बांधलेला, आणि पोरीसारखा लाजून हसतो. खटका दाबता येत नाही आता.

साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांना कागद भरायचाय. इतर बोटं शाबूत आणि एक अंगठाच कसा गेला? त्यांना वाटतं, बिडी ओढायला मोजा काढला असणार. मला विचारलं, "त्यानं वाटेत मोजा काढला होता का?" मी म्हणालो, "पाय दुखत होता साहेब, माझं लक्ष नव्हतं." एवढंच. खोटं एक अक्षर नाही, आणि सगळंच खोटं. कागदावर त्याचा निष्काळजीपणा लिहिला गेलाय. उद्या रस्ता मोकळा झाला की जीप तो कागद घेऊन खाली जाईल. मोजा खराब होता असं निघालं तर कामावरची इजा धरून त्याला स्टोअरमध्ये बसतं काम मिळेल. निष्काळजीपणा निघाला तर घरी. आणि मी बोललो तर घरी मी.

आज सकाळी त्यालाच विचारलं, तुला काय वाटतं, कसं झालं? म्हणाला, "मीच नाडी आवळली नसेल, दक्खनी. तू तर बघून दिला होतास." मग म्हणाला, "आता तू तरी लग्न कर. माझा अंगठा गेला, तुझा गाल मोकळा झाला." मी हसलो, आबा. त्याच्याबरोबर मीही हसलो.

तो मोजा माझ्या ट्रंकेत होता. त्या दिवशी त्याच्या ओल्या कपड्यांतनं मी उचलून आणला, कुणी बघायच्या आत. आत्ता तो मांडीवर आहे, या तीन नव्या जोडांच्या शेजारी. मुकादमासमोर तुम्ही दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतलीत, पोरगा होता म्हणून. मला तर माझीच घ्यायचीय, तरी महिना झाला जीभ उचलत नाही. साहेबांच्या खोलीचं दार उघडं दिसतंय, चहा आत गेलाय, तो संपायच्या आत मी उठणार आहे. तिथं तोंड फुटावं म्हणून आधी तुम्हाला सांगतो. हा कागद कुठल्या पत्त्यावर जायचा नाही हे मला कळतं. घडी घालून या मोज्यातच ठेवतो.

त्या सकाळी घाई नव्हती. मी दोन्ही जोड फुगवले होते. तो मागं बसणार, त्याचे हात काखेत राहणार, वारा मला लागणार, असा हिशेब केला आणि चांगला जोड स्वतः घातला. हा मी आता पुन्हा फुगवून गालाला लावलाय. अंगठ्याच्या मुळाशी बारीक हवा लागते आहे. त्या दिवशीही लागली होती.