आधी चित्र, मग दिवा

४ फेब्रुवारी
नवा पडदा लावला आणि पस्तावले! दारावरची बेल दाबली की बाहेरच्या माणसाचा फोटो आईच्या खोलीतल्या पडद्यावर येतो. तिला ऐकू येत नाही म्हणून मीच केलेली सोय. आज दूधवाला आला आणि क्षणभर पडद्यावर दादा! आई अनवाणीच दाराकडे धावली. दारात दूधवाला.

५ फेब्रुवारी
कारण सापडलं. हे सगळं पहिल्यांदा बसवलं तेव्हा चाचणीसाठी दादालाच दारात उभं केलं होतं. तो फोटो सुरुवातीचा म्हणून आत तसाच राहिला; दर वेळी नवं चित्र येईपर्यंत तोच असतो. मी लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पडदा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पडद्यामागचा दिवा आधी लागतो, नवं चित्र मागाहून पोचतं. जुना पडदा सुस्त, त्याचा उजेड पडेपर्यंत चित्र बदललेलं असायचं. नवा चलाख निघाला आणि माझं पितळ उघडं पडलं. पोटापाण्याचा धंदा हाच, आणि घरातच ही कथा!

नुसता दादाचा फोटो पुसला तरी भागेल. हात धजत नाही.

७ फेब्रुवारी
दिवा जरा उशिरा लागेल असं केलं. दोनदा नीट चाललं, मग पुन्हा दादा. आई पुन्हा उठली! ऑफिसात आमचे साहेब — शिकवायची भारी हौस, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणतो — हसले. "अंदाजपंचे थांबून काय होणार? चित्र पोचलं की पडदा स्वतःच कळवतो ना? तेवढं ऐक, मग लाव दिवा." इतकं साधं. मला सुचू नये?

८ फेब्रुवारी
शेवटी आईला समोर बसवून, सावकाश ओठ हलवत सांगितलं, "पडद्यावर दादा दिसला तर उठू नकोस. तो खोटा. थोडं थांब, खरं माणूस मागून दिसेल."
"म्हणजे तो यायचा नाही, असंच ना?"
भांडण माझं नि दादाचं. दोन वर्षं तो फोन उचलत नाही, मीही करायचं सोडून दिलं. भोगतेय ती. फार वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी
जमलं! आधी चित्र, ते पोचल्याचा निरोप, मगच दिवा. बेल दाबून दाबून बोट दुखलं. आता दारात जो असेल तोच दिसतो, दुसरं कुणी नाही. आईचा डोळा लागला होता. सकाळी सांगीन.

१२ फेब्रुवारी
घाईघाईत निघाले. सांगायचं राहिलंच. संध्याकाळी.

१२ फेब्रुवारी, घरी आल्यावर
आई म्हणाली, "तुझं यंत्र आज पारच बिघडलं गं. दुपारी दादा दिसला तो जाईचना! परत परत दिवा लागत होता, दर वेळी तोच. आणि त्याला दाढी कशाला लावलीस?"
मी दाराकडे पाहिलं.
"पण मी नाही हो उठले," ती म्हणाली. "तू सांगितलं होतंस ना."