उभं वाळलेलं लाकूड

इंचॉन, १९ मार्च

ती. ऑकबुनताईस,

मान्चॉलचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. गुडघे दुखतात, पण ते माझेच असल्यामुळे तक्रार कुणाकडे करायची? तुझं पत्र मंगळवारी मिळालं. लोणच्याची बरणीही आली. झाकण सैल होतं, पोस्टमनच्या पिशवीला अजून मुळ्याचा वास येत असेल.

तुझ्या मागावर दीड वर्ष अडकून पडलेली चटई आहे ना, तिला खरं काय काय लागलं ते परवा मांडून पाहिलं. जन्मभराची सवय, जात नाही. अर्धं खाचर एक उन्हाळाभर पाण्याखाली. ऑगस्टच्या उकाड्यात कापणी, मग लव्हाळ्याची एकेक तिधारी काडी उभी चिरून तिचे तीन भाग. वाळवायचं, पुन्हा दवात टाकून पांढरं करायचं, अशा नऊ पहाटा. त्यानंतर दोघींनी शेजारी शेजारी बसून अडतीस दिवस दोऱ्यांना बांधलेले दगडी गोटे मागेपुढे टाकले. डावीकडे मिरानची आई, उजवीकडे तू. शिवाय तुझ्या उजव्या अंगठ्याचं नख, जे नंतर सरळ आलंच नाही. एवढं सगळं घालून चटई झाली अर्धी, तीही माझ्या नव्या घराच्या मोठ्या खोलीसाठी. यात एक बाब लिहायची राहिली आहे. ह्याच पत्रात लिहितो.

तू विचारलं आहेस, यंदा लव्हाळ्याचं रोप टाकू की खाचर भाताला देऊ. सांगतो. आधी इकडचं थोडं.

वखार विकायला काढली आहे. गिऱ्हाईक आलं होतं, तिशीतला मुलगा. मी एका ओंडक्यावर बोटांनी ठोकून त्याला सांगितलं, आत गाठ आहे, डावीकडे. त्यानं करवत लावून पाहिलं, निघाली. "आजोबा, हे शिकवाल का?" म्हणाला. मी म्हटलं, शिकवण्यासारखं त्यात काही नाही. पूर्वी मी असं उत्तर दिलं नसतं, तुला ठाऊक आहे.

बाबांनी वाटणी केली तो दिवस हल्ली सारखा आठवतो. ओसरीवर बसून म्हणाले होते, "पाइनला काही देऊ नका. दगड द्या, ऊन द्या आणि त्याच्यापासून लांब राहा. पाय ओले झाले की तो मेला. लव्हाळ्याला मात्र सगळं द्या. पाणी, चिखल, खत, दरसाल नवं रोप आणि माणसाचे हात. हात काढून घेतले की ते नुसतं गवत." म्हणून टेकडी मला आणि खाचर तुला. मी तेव्हा वीस वर्षांचा, शहाणा. तुला म्हणालो, "माझं फुकट वाढतं, तुझं राबवून घेतं. माझ्यातून घर उभं राहतं, तुझं त्या घरात पायाखाली." तू भांडी घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुझं एकदा तोडलं की खोडाला पुन्हा फुटवा येत नाही. माझ्यावर विळा दरसाल चालतो. बघू कोण टिकतं ते." आई हसली होती. मीही हसलो होतो.

तुझ्या पत्रात मुळ्याचं लोणचं आणि पाटाची डागडुजी यांच्या मध्ये एक ओळ आहे. "फ्यो म्हातारा थंडीत गेला. मी गेले नाही." पुढे लगेच पाटाचं सुरू. ताई, ही ओळ वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. जेवलो, पुन्हा उघडलं. तू त्याच्या मयताला गेली नाहीस ते माझ्यामुळे. राहिलेली बाब ती हीच. आता सरळ लिहितो, नाहीतर पाटाच्या डागडुजीवरच पानं भरतील.

गावी टेकडीखाली बांधत होतो त्या नव्या घराला आढं हवं होतं. वर्षभर वाळलेलं लाकूड मिळत नव्हतं आणि ओलं घातलं की पुढे चिरतं. दक्षिणेतला एक ओळखीचा म्हणाला, माझ्याकडे उभ्या उभ्या वाळलेले पाइन आहेत, लगेच लावा. आमच्या धंद्यात असं लाकूड म्हणजे घबाड. झाड उभ्या उभ्या का वाळलं, हे विचारायचं नसतं. मी विचारलं नाही. तिकडचं पाइन दाखल्याशिवाय हलवायला बंदी होती, तेही ठाऊक होतं. ट्रकमध्ये खाली सतरा ओंडके घातले, वर दुसऱ्या लाकडाच्या फळ्या रचल्या. नाक्यावरच्या माणसानं फळ्या मोजल्या.

मार्चमध्ये ओंडके टेकडीच्या पायथ्याशी उतरवले. एप्रिलमध्ये ऊन चढलं तेव्हा मी सगळ्यात मोठ्या ओंडक्यावर डबा खायला बसलो होतो. आतून आवाज येत होता. करकर, करकर, थांबून पुन्हा. कुणी आत बसून तांदूळ चावत असल्यासारखा. सुतारानं विचारलं, "मालक, हे काय?" मी म्हणालो, "लाकूड तापतंय." त्याला खरं वाटलं. मला वाटलं नव्हतं. चाळीस वर्षं लाकूड ऐकत आलोय, तापल्याचा आवाज आणि खाण्याचा आवाज मला वेगळे कळतात. पण आढं चढवायचा दिवस ठरला होता, गाव जेवायला बोलावलं होतं, पूजेचं डुकराचं डोकं आणि भाताची दारू सांगून झाली होती. मी ऐकलं आणि डबा संपवला.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मे-जूनमध्ये त्या ओंडक्यांतून भुंगे उडाले असणार. सप्टेंबरात बाबांच्या थडग्यामागची एकोणीस झाडं तांबडी झाली. वनखात्याचा माणूस म्हणाला, झाडात दोऱ्यासारखा किडा शिरलाय, भुंग्यांनी आणलाय, बाहेरून लाकूड कुणी आणलं? सरपंचानं सभा घेतली. फ्योच्या अंगणात पाइनच्या सरपणाची रास होती. तो सांगत राहिला, "अरे, हे तुमच्याच टेकडीवरचं. वादळात पडलेलं. ऑकबुनच ने म्हणाली." तू मान डोलावलीस, पण कुणी बघितलं नाही. मग सरपंच माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही लाकडातले. तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "सरपणातून येतं असं ऐकलंय."

एवढंच वाक्य. त्यात धड खोटंही नाही, सरपणातून येतंच. त्या दिवसापासून फ्योला कुणी पाटाची पाळी दिली नाही, त्याच्या दुकानातून कुणी मीठ घेतलं नाही. आणि तू, जिला ते सरपण कुठलं ते पक्कं माहीत होतं, तूही शेवटी म्हणालीस, "मान्चॉल म्हणतो म्हणजे फ्योनं आणखीही कुठून तरी आणलं असेल." दुसऱ्या दिवशी फ्योची बायको, मिरानची आई, मागावर बसायला आली, तेव्हा तू दार उघडलं नाहीस. ही हकीकत तूच मला फोनवर सांगितली होतीस, जरा अभिमानानं. मी म्हणालो, बरं केलंस.

मागच्या गुरुवारी मी तिच्याकडे गेलो. नवरा गेल्यावर मिराननं तिला इथं इंचॉनला आणलंय, अकराव्या मजल्यावर. "बसा, वखारवाले," म्हणाली. जवाचा चहा दिला. मी सगळं सांगितलं, ओंडक्यातल्या आवाजासकट. तिनं माझा चहा पुन्हा भरला. मग म्हणाली,

"ऑकबुनला सांगितलंत?"

"अजून नाही."

"म्हणजे सोपं माणूस आधी."

खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती, ती बघत बसलो.

"तो शेवटी शेवटी रोज सरपण कुठून आणलं ते सांगायचा," ती म्हणाली. "कुठल्या झाडाची फांदी, कुठल्या दिवशी. मला कशाला सांगतोस, मला ठाऊक आहे, असं मी म्हणायचे. तर म्हणायचा, तू ऐकून ठेव, कुणी विचारलं तर. कुणी विचारलं नाही."

मी विचारलं, परत गावी याल का, चटई अर्धी आहे. तिनं माझा कप उचलला. "टेकडीवर पाइन लावा," म्हणाली. "वाढला की बोलवा."

ताई, तिथं आता पाइन लावायला परवानगी नाही. लावला तरी टिकणार नाही. दुसऱ्या वर्षी उरलेली सगळी गेली, तोडून तुकडे हिरव्या ताडपत्रीखाली औषधात झाकले, ते तू रोज बघतेसच. मागच्या शरदाच्या सणाला तू तांदळाच्या पिठाच्या करंज्या फडक्यावर उकडल्यास. खाली अंथरायला पाइनच्या पानांच्या सुया नव्हत्या. सगळ्या एकमेकींना चिकटल्या. तू म्हणालीस, पीठ सैल झालं. मी तिसरी घेतली आणि तोंड उघडलं होतं, खरंच सांगणार होतो. तेवढ्यात तू म्हणालीस, "फ्योनं आपल्या सणाचासुद्धा वास नेला." मी करंजी खाल्ली.

सरपंचांना वेगळं पत्र लिहिलं आहे, ह्याच मजकुराचं, सही करून. सभेत वाचा असं सांगितलं आहे. वाचतील. फ्योला त्याचा उपयोग नाही.

आता तुझा प्रश्न. लव्हाळ्याला पाणी लागतं आणि माणसं लागतात. पाणी आहे. बाकी मी काय सांगू? रुंद चटईला दोघी हव्यात आणि तुझ्या डावीकडची जागा मी रिकामी केली. ती अर्धी चटई माझ्या घरात घालू नकोस. मागावरून कापायची की तशीच ठेवायची, ते तुझं. ह्या पत्रानंतर तू दार उघडलं नाहीस तर मी बाहेरूनच परत जाईन, त्याला मी तयार आहे असं म्हणवत नाही, पण जाईन.

एक शेवटचं. आढं चढवलं त्या दिवशी त्याच्यावर तारीख लिहून झाल्यावर मी साऱ्या गावासमोर त्याला कान लावला होता. आठवतं? म्हणालो होतो, "आतून भरीव आहे. तीनशे वर्षं ह्यात सुई शिरायची नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या, फ्योनंही. नवीन वर्षाला आलो होतो, तेव्हा दुपारी त्या घरात खाली उताणा पडून वर बघत होतो. तू स्वयंपाकघरात होतीस. शिडी लावून जवळून पाहिलं. आढ्याला चौदा भोकं आहेत. पेन्सिल सहज आत जाते.

तुझा धाकटा,
मान्चॉल