गाडीला लोढणं

नांदेड, अधिक ज्येष्ठ, मंगळवार

थोरले साडूभाऊ उमाशंकरराव यांना धाकटा साडू दयानंद याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? भौतिकशास्त्राच्या शिकवणीला या वर्षी किती पोरं बसली? इकडं नांदेडात ऊन असं आहे की कॉलेजच्या ऑफिसात स्टँपपॅडची शाई वाळून राहिली आणि प्राचार्य सह्या करायला सकाळी सातलाच येऊन बसतात. आणि हो, चैत्रात तुमच्या वास्तुशांतीच्या दिवशी तुमच्या गाडीची ती लिप गेली (पुढच्या बंपरखालची काळी पट्टी), तिचा काही तपास लागला का? पंगत सोडून तुम्ही गल्लीभर शोधत फिरलात, ते बघून माझ्या घशाखाली दुसरी पुरणपोळी उतरली नाही, शपथ. कुणी नेली, देव जाणे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, फळ्याकडं तोंड करून बोलता आणि मागं साठ पोरं ऐकत असतात. मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीची चौकशी अख्ख्या बॅचनं केली. म्हणून लिहून राहिलो. तुम्ही हे एकट्यानं, बसून वाचावं ही विनंती.

तर मूळ गोष्ट. तीन वर्षांमागं धोंड्याच्या महिन्यात आपण दोघं जावई एकाच दिवशी सासरवाडीला गेलो होतो, आठवतं का? तुमची ती लांबलचक गाडी दारात लागली तर मामा (आपले सासरे अण्णाराव, आपण दोघंही त्यांना मामाच म्हणतो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही) उठून तिच्यावरनं हात फिरवून आले. माझ्या गाडीवर मामींनी धुतलेली वाकळ वाळत घातली. ती वाकळ, साडूभाऊ, तीन वर्षं माझ्या मनातनं हलली नाही. यंदा पुन्हा अधिक आला तेव्हा म्हटलं, नवी गाडी घ्यायची आपली ऐपत नाही, तर निदान आहे तिचं तोंड तरी बदलावं.

लिप मला एका ओळखीच्या माणसाकडून मिळाली (नाव कशाला घ्यायचं). होती नेमकी तुमच्या मॉडेलची. माझी गाडी म्हणजे डबी. तिला ती कशी बसावी? पण आमचा संगप्पा मिस्त्री (मूळचा उदगीरकडचा, अर्धं कानडी बोलतो, कुठल्याही कामाला नाही म्हणत नाही) एकदा लिपकडं, एकदा गाडीकडं बघून म्हणाला, "बसतंय की." हा माणूस टेप वापरत नाही, वितीनं मोजतो. त्या दिवशी त्याच्या हाताला ग्रीस होतं म्हणून माप माझ्या वितीनं घेतलं. लिप एक वीत जास्त भरली. मग हात धुऊन आला आणि मधला तुकडा कापून काढताना स्वतःच्या वितीनं कापला. त्याचा पंजा तुम्ही बघितला नाही. लिप आता चार बोटं कमी भरली.

मी डोक्याला हात लावला. तो म्हणाला, "इरली." (म्हणजे असू दे. त्याच्या तोंडून हा शब्द आला की समजावं, आपली गाडी कामातनं गेली.) मधल्या फटीत त्यानं पाण्याच्या काळ्या टाकीच्या झाकणाचा तुकडा बसवला, आमच्या हिच्या, सिंधुच्या पातेल्यात पाणी उकळून त्याला बाक दिला, वर सहा स्क्रू, चिकटपट्टी आणि बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. झाकणावरची "५०० लि." ही अक्षरं मात्र बरोबर मधोमध आली. लोकांना वाटावं इंजिनाची ताकद आहे, म्हणून मीही ती राहू दिली. सिंधु गाडीकडं बघून म्हणाली, "रुसल्यासारखा ओठ काढलाय हिनं." पातेलं तिनं त्या दिवसापासून वापरलं नाही.

या पट्टीचा उपयोग काय, हे मी संगप्पाला विचारलं होतं. तो म्हणाला, गाडी पळाली की खालनं वारं शिरतंय, गाडी हलकी होतीय, वर उचलतीय. ही पट्टी वारं अडवून गाडी भुईला धरून ठेवतीय. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं माझा संसार त्याच्यावरच अडला आहे.

निघालो. लिप जमिनीपासून दोन बोटं वर. लोहा गावापर्यंत जेवढे म्हणून स्पीडब्रेकर होते, तिथं सिंधु खाली उतरायची, मी गाडी तिरपी करून गोगलगायीसारखी काढायचो, आणि ती पुढं जाऊन पुन्हा बसायची. नवव्या स्पीडब्रेकरला एका एसटीचा कंडक्टर तिला म्हणाला, ताई, भांडण झालं असंल तर आमच्या गाडीत या. (चांगला माणूस होता, पण वेळ चुकली.) लोह्याच्या पुढं सासरवाडीच्या वेशीत मारुतीपुढं एक नवाच स्पीडब्रेकर लागला, चांगला गुडघाभर. तो मामांनी स्वतः उभं राहून घालून घेतलाय. दिवाळीत तुमच्या गाडीला बुजून त्यांची म्हैस दोन दिवस परागंदा झाली होती ना, म्हणून. म्हणजे बघा, खड्डा तुम्ही खणला आणि पडलो मी.

गाडी त्याच्यावर चढली आणि अडकली. पुढं जाईना, मागं येईना. तीसेक माणूस जमलं. सहा जणांनी तोंडाकडनं उचलली; गाडी वर आली आणि लिप खालीच राहिली, दोन तुकडे होऊन. मामांनी एक तुकडा उचलला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "जावईबापू, ही हनुवटी कशाची?" इथं माझी अक्कल चरायला गेली. एवढ्या लोकांत "शोभेची आहे" म्हणायची लाज वाटली, म्हणून संगप्पाचं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. मामांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हंजी इतके दिवस माझी लेक उडत्या गाडीत बसून येऊन राहिली?"

तिथंच हसून सोडून द्यायचं की नाही? पण तीस माणूस माझ्या गाडीकडं, हो, माझ्या गाडीकडं, पहिल्यांदाच आदरानं बघून राहिलं होतं. मी म्हणालो, "हाव."

त्यानंतर धोंडे, तेहतीस अनारसे, तांब्याच्या ताटात दिवा, सगळं यथासांग झालं. मामींनी पाय धुतले. हात धुताना मी हळूच विषय काढला की मामा, ते उगं बोलून गेलो, गाडी काय उडत नाही. मामा ऐकेनात. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. नारायण एकदा बोलला ते बोलला, म्हणाले. दुसरं बोलणं जेवणाची सुस्ती म्हणून सोडून दिलं. मग त्यांनी गोठ्यातनं लोढणं आणलं, ओढाळ गाईच्या गळ्यात अडकवतात ते लाकूड, आणि साखळीनं माझ्या बंपरला बांधलं. गावातनं एक चक्कर मारून घेतली. मारुतीला वळसा घालताना लोढणं चाकाखाली आलं. मग फैसला झाला: गाडीला नीट हनुवटी बसेपर्यंत सिंधु इथंच राहील. "तुम्ही जावा. तुम्ही काय, देव आहात. माझी लेक माणूस हाय."

मी एकटाच परतलो, लोढण्यासकट (ते काढायला मनाई होती). संगप्पानं ते बघितलं आणि अगदी सरळ तोंडानं विचारलं, हे कुठल्या मॉडेलचं?

याला आज अकरा दिवस झाले. साडूभाऊ, चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, मला घरात करमत नाही. चहाला आधण ठेवतो ते दोन कपांचंच. ऑफिसातनं आलो की कुलूप उघडायचं जिवावर येतं, म्हणून गाडीतच थोडा वेळ बसून राहतो. सिंधु फोनवर म्हणते, आंबे उतरायला आलेत, तुम्ही सावकाश या. आणि मग थोडं थांबून म्हणते, पण या. त्या थांबण्यानं मला रात्रभर झोप लागत नाही. लिप जोडण्यासारखी राहिली नाही, अर्ध्या तुकड्यातनं मामींच्या कोंबड्या पाणी पिऊन राहिल्या. अक्कांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
दयानंद

ता. क. मामा आपल्या घरात ऐकतात ते एका तुमचंच. तुम्ही भौतिकशास्त्राचे मास्तर. एक दिवस या, एक फळा आणा आणि गाडी उडत नाही एवढं त्यांना सिद्ध करून दाखवा. मी खडू धरून उभा राहीन.

आणखी एक. तिथं कोंबड्यांच्या त्या भांड्याच्या आतल्या बाजूला तुमच्या शिकवणीचा स्टिकर दिसेल. रागावू नका. वास्तुशांतीच्या दिवशी तुमची लिप एका स्क्रूवर लोंबकळत होती, मी फक्त मोकळी केली. वर "देव जाणे" लिहिलंय ते मी खोडत नाही. जावई या महिन्यात कोण असतो ते मामांनी सांगितलंच आहे.

शेवटचं. पाकीट चिकटवताना मामांचा फोन आला. तुमच्या घरच्या गोदावरीअक्का धोंड्याच्या तयारीला काल एसटीनं सुखरूप पोचल्या. मामांनी विचारलं, थोरल्या जावयाच्या गाडीला तरी ती हनुवटी हाय का? अधिक महिन्यात खोटं कसं बोलू? म्हणालो, न्हाई. मामा म्हणाले, मग गोदी बी ऱ्हाऊ द्या इथंच. तेव्हा फळा लवकर आणा. लोढणं मी डिकीत जपून ठेवलंय. संगप्पा म्हणतो, तुमच्या मॉडेलला ते न कापता बसतंय.